वरचा पाऊस

खाप्याला कन्हानचं पाणी चढतं तेव्हा आमच्याकडे पाऊस असतोच असं नाही. कधी चक्क ऊन पडलेलं असतं, पराटीत डवरे चालू असतात आणि नदी मात्र तांबडी होऊन काठ धरू लागते. काठावर जमलेले म्हातारे उत्तरेकडे, छिंदवाड्याच्या अंगाला हात करतात. "वर पडला वाटते." एवढंच बोलतात. 'वर' म्हणजे सातपुडा. पाऊस तिथे पडतो, पाणी इथे येतं. मधल्या वेळात माणूस नदीतला मोटरपंप उचलून आणतो, गुरांची दावी सोडतो, काठावरचं सामान वर नेतो. तो मधला वेळ हीच आमची मिळकत. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक नदी माणसाला एवढी सवड देतेच.

देत नाही, हे आमच्याच जिल्ह्याने पाहिलं. ३० जुलै १९९१. नरखेड तालुक्यातलं मोवाड. वर्धा नदी मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते आणि डोंगर उतरून मैदानात येते न येते तोच तिच्या काठावर मोवाड लागतं. त्या दिवशीच्या पुरात तिथली २०४ माणसं गेली. आमच्याकडे अजूनही पुराचा विषय निघाला की बोलता बोलता कोणीतरी मोवाडचं नाव घेतं आणि पुढे थोडा वेळ कोणी बोलत नाही.

तेव्हापासून डोंगरातल्या कुठल्याही दुर्घटनेची बातमी वाचली की मी एकच गोष्ट शोधतो. वर पडलेला थेंब आणि खालचं दार, यांच्यात किती वेळ होता? डोंगर जितका उभा, तितका हा वेळ कमी. आणि डोंगर नुसता पाणी लवकर खाली पाठवत नाही, तो पाऊससुद्धा स्वतःच घडवतो. ही गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती २२ जुलै २०२१ रोजी, आमच्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरच्या कड्याखाली. तिथल्या तासांचा हा हिशोब आहे.

बुधवार, २१ जुलै, सकाळी ८.३०. सुमारे साडेएकतीस तास शिल्लक

आषाढी एकादशी होऊन एक दिवस झाला होता. करोनामुळे त्या वर्षीही पालख्या पायी गेल्या नव्हत्या, पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या होत्या. कोकणात लावणीचे दिवस. पाऊस पडत होता, आणि लावणीच्या दिवसांत पाऊस पडतो यात कोणालाही काही वावगं वाटत नाही.

साडेआठ ही वेळ मी मुद्दाम धरली आहे. देशभरातली पर्जन्यमापकं सकाळी साडेआठला वाचतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर लिहितात. म्हणजे गुरुवारी सकाळी नऊला पडलेला पाऊस शुक्रवारी साडेआठला वहीत चढतो. शेतीच्या, धरणाच्या, वर्षाच्या सरासरीच्या कामाला ही रीत उत्तम आहे. डोंगराखाली झोपलेल्या माणसाला तिचा उपयोग किती, ते पुढे येईलच.

इशारा नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जोरात होते, आणि हवामान खात्याने कोकण आणि घाटमाथ्यासाठी अतिमुसळधार पावसाचा इशारा दिलेला होता. पण इशारा जिल्ह्याला असतो. रायगड जिल्ह्यात समुद्रकिनारा आहे, खाड्या आहेत, सपाट भातखाचरं आहेत आणि हजार मीटरचे कडेही आहेत. एकाच रंगाने रंगवलेल्या त्या नकाशात कुठल्या वाडीच्या माथ्यावर काय होणार, हे लिहिलेलं नसतं.

बुधवार, दुपार. सुमारे सव्वीस तास

समुद्रावरून निघालेली हवा दमट असते, पण दमट हवा म्हणजे पाऊस नव्हे. तिला वर उचलणारं कोणीतरी लागतं. मैदानात हे काम तापलेली जमीन करते किंवा कमी दाबाचं क्षेत्र करतं. कोकणात ते सह्याद्री करतो, आणि रात्रंदिवस करतो.

किनाऱ्यावरून आत शिरलेला वारा पन्नास-साठ किलोमीटर जवळजवळ समुद्रसपाटीवरून वाहतो आणि मग समोर एकदम भिंत येते. महाबळेश्वरचा माथा सुमारे १,३७० मीटरवर. पाऊसकाळातल्या पश्चिमेच्या वाऱ्याचा सगळ्यात वेगवान थर साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे वाऱ्याचा मुख्य लोंढा आणि डोंगराची छाती एकमेकांसमोर येतात. हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. वर गेली की ती फुगते, फुगली की गार होते, आणि गार हवेत पाण्याची वाफ मावत नाही. जास्तीची वाफ थेंब होऊन बाहेर पडते. पडताना ती उष्णता सोडते, त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर चढते. डोंगराने एक ढकल दिली की पुढचं काम हवा स्वतःच ओढून नेते.

वाऱ्याच्या जोरावर फार काही ठरतं. वारा मंद असेल तर त्याला डोंगर चढवत नाही. हवा कड्याच्या पायथ्याशी साचते, मागून येणारी हवा तिच्या अंगावर चढते आणि पाऊस किनाऱ्यावर किंवा समुद्रातच रिता होतो. वारा जोराचा असेल तर तो थेट कडा चढतो आणि पाऊस घाटाच्या उतारावर, माथ्याच्या अलीकडे पडतो. त्या दोन दिवसांत वारा जोराचा होता.

माथा ओलांडला की हीच हवा पूर्वेकडे खाली उतरते, दाबली जाते, तापते, आणि ढग विरू लागतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आगेमागे. खाली वाईला आणखी निम्म्याहून कमी. एका सकाळी सायकलवरून उतरता येईल एवढ्या अंतरात कोकण संपून दुष्काळी देश सुरू होतो. जमिनीच्या आकारात केवढी ताकद असते हे समजायला मला याहून मोठं उदाहरण सापडलेलं नाही.

बुधवार, रात्री ११. सतरा तास

रात्री पाऊस वाढतो, हे कोकणातली माणसं अनुभवाने सांगतात. त्या रात्री तो वाढलाच.

सह्याद्री दुरून सरळ भिंतीसारखा दिसतो, पण तो सरळ नाही. त्याच्या मुख्य रांगेला पश्चिमेकडे सोंडा फुटलेल्या आहेत, आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक दरी आहे. तोंडाशी रुंद, मागे अरुंद आणि शेवटी कड्याने बंद. सावित्रीचं खोरं असंच आहे. तोंड बाणकोटच्या खाडीकडे, वाऱ्याला उघडं. मध्ये महाड, आत पोलादपूर, आणि शेवटी महाबळेश्वर-प्रतापगडाचे कडे. वारा नरसाळ्यात शिरावा तसा या खोऱ्यात शिरतो. जागा अरुंद होत जाते तशी हवा दाटते, वेग घेते आणि शेवटी कड्याला लागून सगळीच्या सगळी वर जाते. म्हणून शेजारच्या दोन खोऱ्यांत एकाच रात्री पावसात दुपटीचा फरक पडू शकतो.

आणखी एक गोष्ट घडते. उतारावर, झाडांच्या शेंड्यांना टेकलेलं दाट धुकं असतं. ते धुकं म्हणजे जमिनीलगतचा ढगच. त्याचे कण इतके बारीक की ते स्वतःहून खाली पडत नाहीत. पण वर उंच ढगातून मोठे थेंब पडू लागले की ते या धुक्यातून जाताना त्याचे कण गोळा करत येतात. वरून निघालेला थेंब उताराला पोचेपर्यंत जाड झालेला असतो. रडार दुरून पाहतं ते वरच्या ढगाला. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत जितका लांब जातो तितका जमिनीपासून उंच होतो, आणि मध्ये डोंगर आला तर अडतोच. खालच्या हजार मीटरमध्ये पावसाला जी भर पडते ती बऱ्याचदा त्याच्या नजरेखालून निसटते. त्या जुलैत मुंबईच्या बाजूने पाहणारं डॉप्लर रडार कुलाब्याला होतं. वेरावलीचं दुसरं रडार सुरू झालं ते २०२२ च्या जानेवारीत.

गुरुवार, २२ जुलै, पहाट. साधारण अकरा तास

पहिली हाक आली ती शेजारच्या खोऱ्यातून. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. लोक झोपेत होते. बाजारपेठ, वस्त्या, एसटीचा आगार, सगळीकडे पाणी इतक्या वेगाने वाढलं की खाली उतरायची वाट बंद झाली आणि माणसं माळ्यावर, छपरावर गेली. २००५ च्या पुराच्या खुणा ज्या भिंतींवर जपून ठेवल्या होत्या, त्यांतल्या कित्येक पाण्याखाली गेल्या. आगाराचे व्यवस्थापक बुडालेल्या एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून महामंडळाची सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत होते. एका रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली, आणि करोनाचे आठ रुग्ण दगावले. प्राणवायूवर असलेल्या माणसाला वीज जाणं म्हणजे काय, हे त्या वर्षी घराघरांत माहीत होतं. ते वाचताना माझा हात थांबला होता.

चिपळूण आणि कामथे यांच्यामधल्या वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी धोक्याच्या वर गेलं आणि कोकण रेल्वेची वाहतूक थांबली. जागोजागच्या गाड्यांत मिळून सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले.

वाशिष्ठी काय आणि सावित्री काय, या नद्या आमच्या कन्हानसारख्या नाहीत. कड्यावरून उतरतात आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. त्यांच्या वाटेत पाणी पसरायला, रेंगाळायला, मुरायला मैदान नाही. काठावर उभं राहून "वर पडला वाटते" म्हणेपर्यंत पाणी घोट्याला लागलेलं असतं.

गुरुवार, सकाळी ८.३०. साडेसात तास

पर्जन्यमापकं वाचली गेली. बुधवारचा दिवस आणि रात्र वहीत उतरली. आकडे मोठे होते, पण ते संपलेल्या दिवसाचे होते. मापकं रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवली आणि पुढचा दिवस सुरू झाला.

गुरुवार, सकाळी उशिरा. पाच तास

आषाढी पौर्णिमा शनिवारी होती. पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राची भरती मोठी असते, आणि बाणकोटच्या खाडीतून तिचा दाब सावित्रीच्या खालच्या पात्रात वरपर्यंत लागतो. महाडजवळचं दासगाव हे जुन्या काळातलं बंदर होतं, यावरून समुद्र किती आत येतो ते समजावं. वरून डोंगराचं पाणी, समोरून समुद्र. महाडला सावित्रीशिवाय गांधारी आणि काळ याही नद्या येऊन मिळतात. तिथे पुराचं पाणी पुढे जायला जागा शोधतं आणि शहरात शिरतं.

महाडकरांना पूर नवा नाही. नेहमीचा पाहुणा आल्यासारखे ते दुकानातला माल वरच्या फळीवर चढवतात. त्या दिवशी वरची फळीही पुरणार नव्हती. दिवसभर पाणी वाढत राहिलं आणि रात्रीपर्यंत शहराचा बराच भाग पहिल्या मजल्याच्या उंचीला बुडाला. महामार्ग तुटला, वीज गेली, मोबाइलचे मनोरे एकेक करून बंद पडले.

शहरातला हा पूर वरच्या वाड्यांच्या मरणाला कसा कारण झाला, ते कोणी पुरेसं बोलत नाही. तालुक्याची कचेरी, पोलीस, दवाखाना, जेसीबी, रुग्णवाहिका, सगळं महाडमध्ये. डोंगरात काही झालं तर मदत खालूनच वर जाणार. आणि खालीच पाणी होतं. एकाच पावसाने आपत्तीही आणली आणि मदतीचा रस्ताही मोडला. महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट तर ठिकठिकाणी इतका खचला की तो पुढे बरेच दिवस बंद राहिला.

गुरुवार, दुपारी १. तीन तास

आता नदी सोडून मातीकडे वळायला हवं.

सह्याद्री काळ्या बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, आणि काही थरांच्या मध्ये तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा. माथ्यावर जांभा. उतारावर हजारो वर्षांच्या ऊनपावसाने कुजलेल्या दगडाची माती, कुठे दोन मीटर, कुठे दहा. ती उतारावर टिकून राहते ती आपल्या वजनाने, कणाकणातल्या घासणीने आणि झाडांच्या मुळांनी. कोरड्या दिवसात ती इतकी घट्ट असते की कुदळ उडते.

पाऊस मुरू लागला की पहिल्यांदा तिचं वजन वाढतं. मग पाणी खालच्या न कुजलेल्या कातळापर्यंत पोचतं आणि तिथे थांबतं, कारण कातळ पाणी पीत नाही. मागून पाणी येतच राहतं. कातळ आणि माती यांच्यामध्ये पाण्याचा दाब तयार होतो आणि तो मातीच्या कणांना एकमेकांपासून किंचित उचलतो. घासणी संपते. आता तो सगळा उतार जणू तेल लावलेल्या पाटावर ठेवलेला आहे.

हे व्हायला दोन प्रकारचा पाऊस लागतो. आधी कित्येक दिवसांची झड, जिने माती तुडुंब व्हावी. आणि मग काही तासांचा ढग फुटल्यासारखा पाऊस, ज्याला बाहेर पडायला वाट मिळू नये. जुलैचा उत्तरार्ध म्हणजे पहिली अट पुरी झालेली असते. दुसरी कड्याखालच्या खोऱ्यात कधीही पुरी होऊ शकते. २००५ चा जुलै याच महाड तालुक्यात असाच आला होता. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही नावं त्या वर्षीची. दोनशेच्या जवळपास माणसं तेव्हा दरडींखाली गेली होती. पुणे जिल्ह्यातलं माळीण गेलं ते ३० जुलै २०१४ ला. तारीख मोवाडचीच, म्हणून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

गुरुवार, दुपारी ३. एक तास

डोंगर सुटण्याआधी काही बोलतो का? बोलतो. जमिनीला अर्धगोल भेग पडते. घराच्या भिंतीला तिरपा तडा जातो, दार चौकटीत अडकतं. झाडं किंवा विजेचे खांब कलतात. नेहमीचा झरा एकाएकी आटतो किंवा गढूळ वाहू लागतो, नसेल तिथे उपळ फुटते. पऱ्याला पाणी भरपूर असायला हवं तेव्हा ते कमी होतं, कारण वर कुठेतरी माती आडवी पडलेली असते.

या खुणा ओळखणारी माणसं वाड्यांत असतात. अडचण वेगळीच आहे. अशा पावसात, दुपारचं अंधारलेलं असताना, पाच पावलांपलीकडचं दिसत नसताना, माणूस भेगा पाहायला उतारावर जाणार कसा? आणि भेग दिसलीच तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरांना, गुरांना घेऊन जाणार कुठे? खाली पऱ्या फुगलेला आहे, पुढे नदी आहे, वर डोंगर आहे. अशा वेळी माणसं सगळ्यात भक्कम वाटणाऱ्या घरात गोळा होतात. मीही तेच केलं असतं.

महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीत तीस-पस्तीस घरं होती. डोंगराच्या कुशीत, भातखाचरांच्या वर. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वसलेली. कोणी बेजबाबदारपणे मरणाच्या दाढेत घर बांधलं होतं असं नाही. भाताची सपाट जमीन घरात घालवायची नाही, पुराच्या पाण्यापासून वर राहायचं आणि झऱ्याजवळ राहायचं, या तिन्ही शहाण्या विचारांनी कोकणातल्या वाड्या उताराच्या पोटाशी बसलेल्या आहेत.

गुरुवार, दुपारी चारच्या सुमारास

डोंगर सुटला. कोंढाळकरवाडी मातीखाली गेली.

गुरुवार, संध्याकाळ आणि रात्र

फोन लागत नव्हते. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं हाताने, फावड्याने माती उपसत राहिली. अंधार पडला, पाऊस थांबला नाही.

त्याच काही तासांत माथ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर सुटत गेला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. खेड तालुक्यात पोसरे. माथ्यापलीकडे वाई तालुक्यात देवरुखवाडी, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. नकाशावर ही गावं वेगवेगळ्या तालुक्यांत, वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत. पेन्सिल घेऊन ती जोडली तर महाबळेश्वर-कोयनेच्या कण्याभोवतीचा एक पट्टा होतो, आणि तो पट्टा त्या दिवशीच्या सगळ्यात जास्त पावसाचाच आहे. देवरुखवाडी आणि आंबेघर पूर्वेच्या अंगाला असूनही का सुटले, असा प्रश्न पडेल. माथा ओलांडताच पाऊस एका रेषेत थांबत नाही. जोराच्या वाऱ्याबरोबर थेंब माथ्यापलीकडे काही किलोमीटर वाहत जातात. कण्याला लागून असलेल्या पूर्वेकडच्या दऱ्या म्हणून जवळजवळ कोकणाइतक्याच भिजतात.

महाडमध्ये तेव्हा माणसं गच्च्यांवर रात्र काढत होती. तळीयेची बातमी खाली पोचायला आणि तिच्यावर विश्वास बसायलाही वेळ लागला.

शुक्रवार, २३ जुलै, सकाळी ८.३०. साडेसोळा तास उलटून गेलेले

महाबळेश्वरचं पर्जन्यमापक वाचलं. चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. तिथल्या इतिहासातला विक्रम म्हणून तो आकडा दिवसभर सगळीकडे फिरला.

नागपूरला अख्ख्या वर्षात हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पेरणीतला, निंदणातला, पोळ्यापर्यंतचा निम्म्याहून अधिक पाऊस तिथे एका दिवसात कोसळला होता. एका चौरस किलोमीटरवर ५९४ मिलिमीटर म्हणजे एकोणसाठ कोटी लिटरहून जास्त पाणी. आणि असे कित्येक चौरस किलोमीटर, सगळे एका दिशेला कललेले.

तो आकडा वहीत चढला तेव्हा त्याने ज्यांना सावध करायचं ती माणसं मातीखाली होती. मोजणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी नेमून दिलेल्या वेळी, नेमून दिलेलं काम चोख केलं. पण सावित्रीच्या खोऱ्यात तासातासाला पाऊस सांगणारं, आपोआप चालणारं मापक वाडीवाडीत असतं, आणि अमुक इतका पाऊस सलग झाला की कोणाचीही वाट न पाहता अमुक शाळेत जायचं, एवढं जरी आधी ठरलेलं असतं, तर साडेसात तास हातात होते. कन्हानने आम्हाला दिले असते तेवढेच. ते तास डोंगराने एकट्याने खाल्लेले नाहीत.

शुक्रवार, दुपार

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तळीयेला पोचलं. पहिली संघटित मदत पोचायला वीस तासांच्या आसपास लागले होते. रस्त्यांवर पाणी, दरडी, पडलेली झाडं. आधीच्या रात्री हेलिकॉप्टरही उडण्याजोगं हवामान नव्हतं, कारण ज्या ढगांनी पाऊस पाडला तेच ढग कड्याला चिकटून बसलेले होते. शनिवारी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तळीयेला गेले. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती.

रविवार, २५ जुलै

महाबळेश्वरला पाच नद्यांचं देऊळ आहे. गोमुखातून पाच धारा एकत्र पडतात अशी तिथली मांडणी. त्यांतली सावित्री कड्यावरून पश्चिमेला उडी घेते, कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेला वळतात. माथ्यावर एका हाताच्या अंतराने पडलेले दोन थेंब तिथे एकमेकांचा निरोप घेतात.

गुरुवारी सावित्रीच्या वाट्याला आलेलं पाणी काही तासांत महाडच्या घरांत होतं. त्याच पावसातलं पूर्वेला वळलेलं पाणी सातारा, कराड करत रेंगाळत गेलं. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा सगळ्यात उंच आली ती रविवारी, पन्नास फुटांच्या वर. नुकसान तिथेही अपार झालं. ऊस गेला, गोठे गेले, दुकानं गेली. पण सांगलीकरांना तीन दिवस मिळाले होते. पाणी किती फुटांवर आहे, किती चढणार, कुठली गल्ली कधी बुडणार, हे तासातासाला सांगितलं जात होतं, आणि माणसं घरं सोडून उंचावर गेली होती.

माथा एकच, ढग एकच, पाऊस एकच. एका अंगाला तीन दिवस, दुसऱ्या अंगाला काही तास, आणि कोंढाळकरवाडीच्या वरच्या उताराला किती, ते कोणी मोजलेलं नाही.

सोमवार, २६ जुलै

तळीयेतला शोध थांबला. ५३ मृतदेह सापडले होते. उरलेल्या ३१ जणांना, सापडलेले नसताना, मृत मानण्यात आलं. घरच्यांनीच आता माती आणखी उकरू नये असं म्हटल्याच्या बातम्या होत्या.

ती बातमी वाचली तेव्हा मी खाप्यात होतो. संध्याकाळी नदीवर गेलो. आभाळ निवळलेलं होतं. कन्हानचं पाणी थोडं वाढलेलं होतं आणि दोघेजण काठावरचा मोटरपंप, घाई न करता, वर ओढून नेत होते.